धागा: अमेरिकेचा आधुनिक इतिहास (१८७७ नंतरचा), ऑनलाइन सर्व्हे कोर्स. अभ्यास नेमका कसा करायचा?

कोरा_चहा · ८ जून, रात्री ९:१२

भाचा टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत नाशिकला येतोय आणि तिथूनच एका कम्युनिटी कॉलेजचा यूएस हिस्टरीचा दुसरा भाग ऑनलाइन करणार आहे. ८ आठवडे, ३ क्रेडिट. सिलॅबसप्रमाणे दर आठवड्याला दोन प्रकरणं, एक क्विझ, एक डिस्कशन पोस्ट आणि दुसऱ्यांच्या पोस्टवर दोन उत्तरं. शिवाय दोन निबंध आणि शेवटी परीक्षा. इतिहासाशी त्याचा संबंध दहावीच्या बोर्डाबरोबर संपला. जाणकारांनी नेमकं सांगावं: वेळ किती धरायचा, वाचायचं कसं, मार्क कुठे जातात? "आवडीने वाच" छाप सल्ले नकोत, ते घरात भरपूर मिळतात.

आडवाट · ८ जून, रात्री १०:०५

आधी तास मोजा. एका क्रेडिटमागे साधारण १५ आठवडे, आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास वर्गाबाहेरचं काम, असा तिकडचा हिशेब. तीन क्रेडिटचे झाले १३५ तास. तेच ८ आठवड्यांत बसवले की आठवड्याला १७. सुट्टीत एक सोपा विषय उरकून टाकू म्हणणारे इथेच आपटतात. विषय सोपा असेलही, तास तेवढेच लागतात.

१७ ची वाटणी साधारण अशी: प्रकरणं वाचायला ६, अस्सल कागदपत्रांना ३, डिस्कशनला ३, क्विझला १ आणि निबंधाला ४. निबंधाचे ४ तास पहिल्या आठवड्यापासून बाजूला काढायचे. पहिला निबंध चौथ्या आठवड्यात द्यायचा असेल तर त्याचा विषय दुसऱ्या आठवड्यात ठरलेला हवा.

दुसरं, घड्याळ. रविवारी रात्री ११:५९ सेंट्रल (टेक्सासची वेळ) म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी १०:२९. कॅनव्हासच्या (कॉलेजची ऑनलाइन वर्गाची साइट) सेटिंग्जमध्ये टाइम झोन बदलला की मुदती भारतीय वेळेत दिसतात. पण सिलॅबसची पीडीएफ आणि प्राध्यापकांच्या ईमेल सेंट्रल वेळेतच बोलत असतात. एकीकडची तारीख आणि दुसरीकडची वेळ घेतली की चोवीस तास चुकले. भिंतीवर एकच कागद लावावा, सगळ्या मुदती भारतीय वेळेत, हाताने लिहिलेल्या.

तिसरं, नुसतं लॉगिन म्हणजे हजेरी नव्हे. पहिल्या आठवड्यात काहीतरी जमा केलेलं दिसलं पाहिजे. क्विझ, पोस्ट, काहीही. ते नसेल तर बरीच कॉलेजं नाव यादीतून काढतात. परीक्षेला लॉकडाउन ब्राउझर (परीक्षेच्या वेळी बाकी काही उघडू न देणारा) आणि कॅमेरा असेल तर सराव परीक्षा नाशिकच्या नेटवर, त्याच लॅपटॉपवर आधी देऊन बघावी. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवावं, वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

लिंबलोण · ८ जून, रात्री १०:२०

इंजिनिअरिंगच्या पोराला इतिहास कशाला म्हणे?

आडवाट · ८ जून, रात्री १०:३१

टेक्सासचा कायदा आहे. सरकारी कॉलेजातून पदवी हवी तर अमेरिकन इतिहासाची ६ क्रेडिट लागतात, शाखा कुठलीही असो. त्यातली ३ टेक्सासच्या इतिहासाची चालतात. क्लेप नावाच्या परीक्षेनेही ही क्रेडिट मिळू शकतात. १८६५ नंतरच्या इतिहासाचा पेपर साधारण १२० वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, ९० मिनिटांचा. पण विद्यापीठ ते क्रेडिट धरतं का, हे ॲडव्हायजरकडून ईमेलवर लेखी घ्या. कम्युनिटी कॉलेजच्या कोर्सचंही तेच.

टिपकागद · ९ जून, सकाळी ७:४८

मार्क कुठे जातात, त्याबद्दल. बोर्डाच्या सवयीत जातात.

आपल्याकडे "कारणे द्या" आला की पाच मुद्दे, पाचही सारख्या वजनाचे, आणि मग शेवटी "अशा प्रकारे". "महामंदीची कारणे" यावर आपला विद्यार्थी लिहितो: शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, शेतीमालाचे भाव पडले, उत्पन्नात विषमता होती, आयातकर वाढले. सगळं बरोबर, आणि मार्क सत्तर टक्के. कारण प्रश्न असतो, यातलं कुठलं कारण सगळ्यांत वजनदार आणि ते तुम्ही कशावरून म्हणता. तिथे बाजू घ्यावी लागते. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी एका वाक्यात दावा, त्यालाच ते थीसिस म्हणतात. पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या दाव्याची चाकरी करतो.

न्यू डीलवरचं (राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची महामंदीतली मदतीची आणि सुधारणांची योजना) उदाहरण घ्या. "न्यू डीलमुळे अमेरिकेला फार फायदा झाला" हा दावा नाही, ही शाबासकी आहे. यावर कोणी वाद घालू शकत नाही. आता हे बघा: "न्यू डीलने म्हातारपण आणि बेकारी ही संघीय सरकारची जबाबदारी ठरवली, पण १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळल्यामुळे दक्षिणेतले बहुतेक काळे मजूर त्या छपराबाहेर राहिले." यात काळ आहे, कायदा आहे, कोणाला मिळालं नि कोणाला नाही ते आहे, आणि भांडायला जागाही आहे. वगळण्यामागे दक्षिणेतल्या खासदारांचा वर्णद्वेष होता की विखुरलेल्या मजुरांकडून कर वसूल करायची अडचण, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. हा वाद निबंधात दोन वाक्यांत आणला की परिच्छेदाला लगेच वजन येतं.

दुसरी सवय भाषेची आहे. मराठीत आपण "कायदा करण्यात आला", "गुलामगिरी नष्ट करण्यात आली" असं बिनदिक्कत लिहितो. तेच इंग्रजीत उतरतं आणि करणारा गायब होतो. इतिहासाच्या पेपरात करणारा हाच तर मुद्दा. कायदा कोणी केला? काँग्रेसने, राष्ट्राध्यक्षाने आदेश काढून, की कोर्टाने निकालातून? तिन्ही वेगळे मार्ग आहेत आणि तिघांना अडवणारेही वेगळे. निबंध लिहून झाला की "करण्यात आले" छापाची इंग्रजी वाक्यं शोधून प्रत्येकात करणारा बसवायचा. वीस मिनिटांचं काम आहे.

मुळाक्षर · ९ जून, सकाळी ८:३०

टिपकागद यांच्याशी सहमत, पण एक भर. "सनावळ्या पाठ करू नका" हा सल्ला इथे कोणीतरी देणारच, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. सन महत्त्वाचा नसेल, क्रम असतो. क्रम चुकला तर कारण-परिणाम उलटे होतात.

सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्च्याला पोलिसांचा मार, ७ मार्च १९६५. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचं काँग्रेसपुढचं भाषण १५ मार्च. मतदान हक्क कायद्यावर सही ६ ऑगस्ट. हे तीन दिवस ओळीने माहीत असतील तरच "रस्त्यावरच्या दबावामुळे कायदा आला" असं म्हणता येतं. किंवा शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राऊन निकाल आधी आणि माँटगोमेरीतल्या काळ्यांचा बस बहिष्कार डिसेंबर १९५५ पासून, ३८१ दिवस. उलटं लिहिलेले निबंध दर वर्षी असतात.

म्हणून खुंट्या ठोकायच्या. १८७७, १८९८, १९१७, १९२९, १९४१, १९५४, १९६५, १९७३, १९८०. बाकी सगळं या खुंट्यांच्या मागे की पुढे, एवढं सांगता आलं की पुरे.

लिंबलोण · ९ जून, सकाळी ९:०२

१९७३ ला काय झालं? व्हिएतनाम?

मुळाक्षर · ९ जून, सकाळी ९:१५

जानेवारीत पॅरिसचा करार झाला आणि अमेरिकन सैन्य परतलं. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला राष्ट्राध्यक्ष निक्सनने वॉटरगेटच्या (विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी दडपल्याचं प्रकरण) विशेष वकिलाला काढायला लावलं, त्यात ॲटर्नी जनरल आणि त्यांच्या खालच्याने राजीनामे दिले. स्वस्त तेल, लष्करी ताकद आणि सरकारवरचा भरवसा, तिघांना एकाच वर्षात तडा. पुढची मंदीतली महागाई आणि रेगन समजून घ्यायला इथून सुरुवात करावी.

कोरा_चहा · ९ जून, दुपारी १:१०

पुस्तक विकत घ्यावं लागेल का? शंभर डॉलरच्या वर ऐकलंय.

आडवाट · ९ जून, दुपारी १:२६

सिलॅबस बघा. कित्येक कोर्स आता फुकटचंच लावतात. ओपनस्टॅक्सचं यूएस हिस्टरी ३२ प्रकरणांचं आहे, दुसऱ्या भागाला १७ ते ३२ लागतात. म्हणजे ८ आठवड्यांत बरोबर दोन-दोन. दुसरं अमेरिकन यॉप, त्याच्या दुसऱ्या खंडात १६ ते ३० ही प्रकरणं. ओपनस्टॅक्स सरळ आणि कोरडं. यॉप वाचायला बरं, आणि त्याच्या जोडीला निवडक मूळ कागद दिलेले आहेत. नेमलेलं पुस्तक वेगळं असेल तर क्विझ त्या नेमलेल्यावरच असते, त्यामुळे फुकटचं फक्त जोडीला.

प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचत सुटू नये. आधी प्रस्तावनेचे दोन परिच्छेद, मग सगळे मथळे, मग शेवटचे सरावाचे प्रश्न, आणि त्यानंतर सलग वाचन. प्रत्येक प्रकरणाला एकच पान, चार रकाने: काय बदललं, कोणी बदललं, कोणी अडवलं, कुठल्या कागदावरून कळतं. पान भरलं की थांबायचं. पिवळ्या मार्करने अर्धं पुस्तक रंगवण्यात वेळ छान जातो, बाकी काही होत नाही.

सोनकी · ९ जून, रात्री ८:५५

चौथ्या रकान्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मुलं इथेच हात आखडता घेतात.

तिकडे प्रायमरी सोर्स म्हणतात ते म्हणजे आपल्या इतिहासकारांचे "अस्सल कागद". बखर आणि त्या दिवशीचं पत्र यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. एखाद्या मंत्र्याने वीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणी बखरीच्या जवळ जातात. त्याच मंत्र्याने त्या दिवशी पाठवलेली तार अस्सल कागद. दोन्ही चालतात, पण वेगवेगळ्या कामाला.

एक कागद उदाहरणाला घेऊ. १९ फेब्रुवारी १९४२, रूझवेल्टचा कार्यकारी आदेश ९०६६. (तारीख लक्षात ठेवायला आपल्याला त्रास नाही, शिवजयंती.) पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरातून उठवून छावण्यांत डांबलं, ते या आदेशाच्या जोरावर. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. आता आदेश उघडा आणि त्यात "जपानी" शब्द शोधा. सापडत नाही. आदेश युद्धमंत्र्याला आणि त्याने नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना "लष्करी क्षेत्रं" ठरवायचा आणि तिथून "कोणालाही किंवा सगळ्यांना" बाहेर ठेवायचा अधिकार देतो. बस.

मग दुसरा कागद घ्या, लष्कराने गल्लोगल्ली खांबांवर लावलेली नोटीस. तिच्यात मथळ्यापासूनच जपानी वंशाचे सर्व लोक, आणि पुढे "एलियन आणि नॉन-एलियन दोन्ही". एलियन म्हणजे परदेशी. नॉन-एलियन म्हणजे कोण? नागरिक! पण नागरिक हा शब्द लिहिला असता तर वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न पडला असता, म्हणून तो टाळलेला. खाली सूचना: अंथरूण-पांघरूण आणा, गादी नको. ताटवाटी, काटेचमचे, जादा कपडे आणा. सामान उचलून नेता येईल एवढंच. पाळीव प्राणी चालणार नाहीत.

हे दोन कागद शेजारी ठेवले की निबंध निम्मा झाला. वॉशिंग्टनच्या कागदात वंशाचा उल्लेख नाही, खांबावरच्या कागदात वंशाशिवाय काहीच नाही. का? कोण कोणाला उद्देशून लिहितंय, कधी, कशासाठी, आणि काय लिहायचं टाळतंय, हे चार प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचे. चौथा सगळ्यांत कामाचा, आणि वर्कशीटवर तो बहुतेक वेळा नसतो.

त्यापुढे सुप्रीम कोर्टाने हे हुसकावणं वैध ठरवलं तो १९४४ चा कोरेमात्सू निकाल, ६ विरुद्ध ३. त्यातली मतभेदाची टिपणं वाचा, बहुमताच्या निकालापेक्षा ती स्पष्ट असतात. काळ्या-गोऱ्यांना वेगळे डबे वैध ठरवणाऱ्या प्लेसी खटल्यातही (१८९६, ७ विरुद्ध १) न्यायमूर्ती हार्लनचं एकट्याचं मत पुढे जास्त वाचलं गेलं. निकाल वाचायचा तर सारांश, मग मतभेद, मग बहुमत. या क्रमाने वेळ निम्मा लागतो. कोरेमात्सूची गोष्ट पुरी करायला १९८८ चा कायदाही बघा. काँग्रेसने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

कागद कुठे? नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर, त्यांच्या डॉक्सटीच विभागात. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकामध्ये. कायदे-करार येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रोजेक्टमध्ये. सगळं फुकट. गूगलवर पहिल्या नंबरला आलेलं कोणाचं तरी "दस्तऐवजाचा सारांश" पान वापरू नये, त्यात मूळ शब्द बदललेले असतात आणि सगळी गंमत मूळ शब्दांतच आहे.

डोंगरवाट · ९ जून, रात्री १०:४०

सोनकी, नॉन-एलियनचा मुद्दा जबरदस्त.

नकाशेही अस्सल कागदच, ते कोणी बघत नाही. १९३० च्या दशकात संघीय सरकारच्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने शहरांतल्या वस्त्यांना कर्जाच्या धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड अशा श्रेणी दिल्या. हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे धोकादायक, आणि काळ्यांची वस्ती बहुतेक सगळीकडे लाल. रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे मॅपिंग इनइक्वॅलिटी या साइटवर टाकलेत. वस्तीवर क्लिक केलं की त्या वेळच्या अधिकाऱ्याचा शेरा दिसतो. भाच्याने स्वतःच्या विद्यापीठाच्या शहराचा नकाशा असेल तर घ्यावा. पोस्ट आपोआप वेगळी होते.

फक्त एक जपून. "या नकाशांमुळेच कर्ज नाकारलं गेलं" असं सरसकट लिहू नये. त्याआधीपासून बँका आणि दलाल तेच करत होते, आणि १९३४ च्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनचे (घरकर्जाला हमी देणारी सरकारी संस्था) स्वतःचे नियम होते. नकाशा हा पुरावा आहे, एकमेव कारण नव्हे.

टिपकागद · १० जून, सकाळी ७:२०

आकड्यांचंही तसंच. १९३३ ला बेकारी सुमारे २५ टक्के यावर फारसा वाद नाही. पण १९३८ ची कुठे सुमारे १९ टक्के दिसेल, कुठे साडेबारा. दोन्ही छापील, दोन्ही इतिहासकारांनी दिलेले. फरक एवढाच की सरकारने रस्ते-पूल-शाळांच्या कामावर लावलेल्या माणसाला पहिला हिशेब बेकार धरतो, दुसरा धरत नाही. न्यू डील फसला म्हणणारा पहिला उचलतो, यशस्वी झाला म्हणणारा दुसरा. निबंधात आकडा लिहिताना कोणता हिशेब, ते अर्ध्या वाक्यात सांगा. प्राध्यापक खूश.

पिंगळा · १० जून, सकाळी ११:०५

शब्दांच्या फसगती. आपल्या मुलांच्या खास.

काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. हसू नका, क्विझमध्ये घाईत "काँग्रेसचा विरोध" वाचून पोरं पक्ष समजतात.

रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट आजच्या अर्थाने वाचू नयेत. १८७७ मध्ये दक्षिणेत गोऱ्यांचं वर्चस्व परत आणणारे डेमोक्रॅट, आणि काळ्यांची मतं रिपब्लिकनांना. उत्तरेतल्या काळ्या मतदारांचा मोठा ओघ १९३० च्या दशकात न्यू डीलमुळे फिरला, दक्षिणेतले गोरे १९६४ नंतर हळूहळू. "पक्षांनी जागा बदलल्या" एवढ्या एका वाक्यात हे उरकलं तर शेरा मिळणार.

इंडियन म्हणजे बहुतेक वेळा तिथले मूळ रहिवासी. १९२४ चा इंडियन सिटिझनशिप ॲक्ट आपल्यासाठी नव्हता. १८८७ चा डॉस कायदाही त्यांचाच. कुटुंबप्रमुखाला १६० एकर तुकडा देऊन टोळीची सामायिक जमीन फोडली. १८८७ ला त्यांच्याकडे सुमारे १३.८ कोटी एकर होते, १९३४ पर्यंत ४.८ कोटी उरले.

आणि आपले लोक? त्या काळच्या अमेरिकन कागदांत ते "हिंदू". शीख असो, मुसलमान असो, सगळे हिंदू. वर्तमानपत्रांत शोधताना शेवटी दोन ओ असलेलं जुनं स्पेलिंगही टाकायचं, नाहीतर निम्म्या बातम्या सुटतात. उदाहरणार्थ सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला जमावाने लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांना हुसकावलं, त्याच्या बातम्या.

कोरा_चहा · १० जून, दुपारी २:३०

हे सगळं भाच्याला पाठवलंय. तो म्हणतो डिस्कशनमध्ये काय लिहायचं तेच सुचत नाही, सगळे "आय ॲग्री" लिहितात.

सोनकी · १० जून, दुपारी ३:०२

म्हणूनच "आय ॲग्री"ला मार्क नसतात. मूळ पोस्ट अडीचशे-तीनशे शब्दांची: एक दावा, एका कागदातलं एक छोटं अवतरण (एक ओळ, परिच्छेद नव्हे), ते अवतरण दाव्याला कसं लागू पडतं ते, आणि शेवटी खरा प्रश्न. उत्तर देताना समोरच्याच्या दाव्यात न बसणारा एक कागद आणायचा. समजा कोणी लिहिलं की १९६४ मध्ये व्हिएतनाम युद्धाला अख्ख्या अमेरिकेचा पाठिंबा होता. राष्ट्राध्यक्षाला तिथे लष्करी बळ वापरायची मुभा देणाऱ्या टोन्किनच्या ठरावाची मतं द्या: हाउसमध्ये ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मग विचारा, त्या दोघांनी काय म्हणून विरोध केला? आणि अमेरिकन जहाजांवरचा ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला, ज्याच्या जोरावर ठराव आला, तो झालाच नव्हता हे त्या खासदारांना माहीत असतं तर?

मूळ पोस्ट बुधवार-गुरुवारपर्यंत टाका. रविवारी टाकलेल्या पोस्टला उत्तर द्यायला कोणी उरत नाही.

लिंबलोण · १० जून, दुपारी ३:४०

चॅटजीपीटीला सांगितलं की दोन मिनिटांत तीनशे शब्द.

आडवाट · १० जून, दुपारी ४:०१

सिलॅबसमध्ये त्याचं कलम असतं, ते आधी वाचा. कलम बाजूला ठेवलं तरी अवतरणं आणि तळटीपा त्यातून बनावट येतात, आणि इतिहासाचा मास्तर पहिल्यांदा तळटीपच उघडतो. नसलेलं पान नसलेल्या पुस्तकात दाखवलं की चूक नाही, अप्रामाणिकपणा ठरतो.

मुळाक्षर · १० जून, सायंकाळी ६:१५

तळटीपांचा विषय निघालाच तर: इतिहासात बहुतेक ठिकाणी शिकागो पद्धत. पहिल्यांदा पूर्ण तपशील, नंतर आडनाव, छोटं शीर्षक, पान. "इबिड" (म्हणजे वरचाच संदर्भ) आता टाळायला सांगतात. झोटेरो (संदर्भ नोंदवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, पण वेबसाइटवरून उचललेला तपशील तो अनेकदा अर्धवट भरतो. तारीख आणि संग्रहाचं नाव हाताने तपासा.

डोंगरवाट · १० जून, रात्री ९:२५

निबंधासाठी एक मराठी कागद सुचवू का? पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि १८८९ मध्ये त्यांचं "यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त" आलं. गिल्डेड एजच्या (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा उद्योगपतींच्या श्रीमंतीचा काळ) ऐन मध्यावर, बाहेरून आलेल्या बाईने, मराठीत लिहिलेलं. तिथल्या बायकांच्या संघटनांवर भर आहे, म्हणून बायकांच्या १९२० च्या मताधिकारापर्यंतच्या निबंधाला उपयोगी.

टिपकागद · १० जून, रात्री ९:५०

सूचना उत्तम, पण दोन अटी. इंग्रजी भाषांतरं उपलब्ध आहेत, अवतरण त्यातलं घ्यावं. म्हणजे तपासणाऱ्याला पान उघडता येतं. मूळ मराठीतलं घेतलंच तर भाषांतर स्वतःचं आहे हे तळटीपेत सांगावं. आणि "रमाबाईंना अमेरिका कशी वाटली" हा निबंध होऊ नये. त्यांनी ते पुस्तक इथल्या वाचकाला काहीतरी पटवण्यासाठी लिहिलं होतं. सोनकीचे चार प्रश्न इथेही लागू: काय लिहायचं टाळलंय?

कोरा_चहा · ११ जून, सकाळी ८:१०

त्याला स्थलांतरावर लिहायचंय. १९६५ च्या कायद्यावर. "१९६५ मध्ये भारतीयांसाठी दारं उघडली" असा दावा कसा वाटतो?

पिंगळा · ११ जून, सकाळी ८:४४

अर्धा. उघडली म्हणायचं तर बंद कोणी, केव्हा आणि कशी केली ते आधी. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारत धरून, वर्ज्य केला. १९ फेब्रुवारी १९२३ ला (हो, पुन्हा तीच तारीख) सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं. नागरिक व्हायला तेव्हा गोरा किंवा आफ्रिकन वंशाचा असावं लागे. तीनच महिने आधी ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यात त्याच न्यायमूर्ती सदरलंडनी "गोरा म्हणजे कॉकेशियन" असं म्हटलं होतं. थिंद म्हणाले, मग तुमच्या शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच. तर कोर्टाने शास्त्र सोडलं आणि सामान्य माणूस गोरा कोणाला म्हणतो ते बघायचं ठरवलं. हे दोन निकाल शेजारी ठेवा, सोनकींच्या नोटीशीसारखेच.

मग १९२४ चा कायदा: १८९० च्या शिरगणतीतल्या संख्येच्या २ टक्के एवढा प्रत्येक देशाचा कोटा. १८९० का? कारण इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्यांची मोठी लाट त्यानंतरची. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क दिला. म्हणजे दार १९४६ ला किलकिलं झालं होतं. १९६५ ने देशनिहाय कोटे काढले आणि नातेवाईक व कौशल्य यांना प्राधान्य दिलं. दावा "कोणासाठी उघडली" असा वळवला तर निबंध उभा राहतो: डॉक्टर-इंजिनिअरांना, आणि मग त्यांच्या नातेवाइकांना.

मुळाक्षर · ११ जून, सकाळी ९:०५

आणि त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा आली, वर्षाला १,२०,०००. मेक्सिकोच्या मजुरांचा ब्रासेरो करार १९६४ अखेरीस संपला होता. त्यांच्या बाजूने बघितलं तर १९६५ ला दार लागलं. हा परिच्छेद दुसऱ्या क्रमांकावर टाका, शेवटी नको. शेवटी टाकला की जाता जाता आठवल्यासारखा वाटतो.

कोरा_चहा · ११ जून, सकाळी ९:३२

दावा बदलून घेतला. ओझावा आणि थिंद दोन्ही निकाल डाउनलोड केलेत. सारांश, मतभेद, बहुमत या क्रमाने वाचतोय.

पिंगळा · ११ जून, सकाळी ९:४१

दोन्ही निकाल एकमताचे आहेत. मतभेद शोधत बसू नका म्हणावं.